डॉल्बी ट्रूएचडी की डीटीएस-एचडी मास्टर? घरी सिनेमा बघताना खरंच फरक कळतो का

कोथरूडचा_सबवूफर (धागाकर्ता), शनिवार रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आठ महिन्यांपूर्वी एका ओळखीच्यांकडून जुना एव्ही रिसीव्हर (डिस्कचा आवाज उलगडून स्पीकरना वाटून देणारा डबा) घेतला, ५.१ चे (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) स्पीकर हळूहळू जमवले, ब्लू-रे प्लेअर भाऊ परदेशातून घेऊन आला. हॉल आपला नेहमीचाच, १० बाय १५, कोथरूडमधल्या जुन्या सोसायटीत तिसरा मजला. ब्लू-रे डिस्कचे चाळीसेक नग झालेत आता (घरच्यांना पंधराच माहितीयेत).

तर मुद्दा असा की ज्या डिस्कवर आवाजाचा फॉरमॅट डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ आहे त्या एकदम दमदार वाजतात, पडदेबिडदे हलतात, आणि डॉल्बी ट्रूएचडीवाल्या डिस्क जरा मवाळ, सपाट वाटतात. चुलतभाऊ म्हणतो साधं गणित आहे, ब्लू-रेवर डीटीएस-एचडीला २४.५ एमबीपीएसपर्यंत (सेकंदाला इतके मेगाबिट) मुभा आहे, ट्रूएचडीला १८, म्हणजे डीटीएसच भारी. पटतंही आणि नाहीही, कारण दोन्ही लॉसलेस (मूळ आवाजातलं काहीच न गमावणारे) म्हणवतात ना? आणि काही डिस्कवर नुसतं एलपीसीएम (अजिबात न दाबलेला आवाज) असतं ते मग कुठल्या पायरीवर बसवायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

आळशी_उंट, शनिवार रात्री ११:५२

मी पहिला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पैठणी_प्रेमी_अभियंता, रविवार सकाळी ८:१०

चुलतभावाचं गणित साफ उलटं आहे. आईची पैठणी डोळ्यासमोर आणा. नुसती बोचक्यात कोंबली तर अख्खी बॅग भरते, ते एलपीसीएम. नीट घडी घालून ठेवली तर अर्ध्या जागेत बसते, आणि उलगडली की तीच पैठणी, तोच पदर, जरीचा एक धागासुद्धा इकडचा तिकडे नाही. ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर म्हणजे घडी घालायच्या दोन पद्धती. आणि जुनं डॉल्बी डिजिटल किंवा साधं डीटीएस म्हणजे जागा नाही म्हणून आतल्या बाजूचं कापड कापून टाकलं, कोणाला दिसतंय या हिशेबाने. ज्याची घडी लहान झाली त्याची पैठणी तोकडी होत नाही हो!

आकड्यात बोलायचं तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सहा चॅनल, गुणाकार केला की ६.९ एमबीपीएस. दोन तासांच्या सिनेमाला सव्वासहा जीबी नुसत्या आवाजाला. डिस्क २५ नाहीतर ५० जीबीची, त्यात चित्र, शिवाय चार भाषा, म्हणून घडी घालायची. २४.५ आणि १८ या कमाल मर्यादा आहेत, सिनेमाचा नेहमीचा ५.१ ट्रॅक त्यांच्या आसपासही फिरकत नाही. रस्त्यावर ८० चा बोर्ड आहे म्हणून कर्वे रोडवर कोणी ८० ने जातं का?

निवृत्त_दूरसंचार, रविवार सकाळी ९:०५

वर बरोबर लिहिलं आहे. थोडी भर घालतो. ट्रूएचडीच्या पोटात मेरिडियन कंपनीची एमएलपी पद्धत आहे, हीच डीव्हीडी-ऑडिओवर होती. डीटीएसवाल्यांनी वेगळी वाट धरली, आत साधा १.५ एमबीपीएसचा लॉसी (काही भाग गाळलेला) गाभा ठेवला आणि त्यात जे कमी पडलं त्याची भरपाई वेगळ्या थरात जोडली. जुन्या रिसीव्हरला फक्त गाभा कळतो, नवा दोन्ही जोडून मूळ आवाज परत बांधतो. डॉल्बीच्या बाबतीत ब्लू-रेवर ट्रूएचडीच्या सोबतीला वेगळा साधा डॉल्बी डिजिटल ट्रॅक द्यावाच लागतो, ६४० केबीपीएसपर्यंतचा. कारागिरी दोघांची वेगळी, पण शेवटी हातात येणारे आवाजाचे नमुने (सॅम्पल) एकाच मास्टरचे असतील तर बिट न् बिट सारखे.

सुवर्णकर्ण, रविवार सकाळी ११:३०

थिअरी छान आहे पण कान नावाची गोष्ट असते राव. मी १५ वर्षं ऐकतोय, डीटीएसचा बेस जास्त भरीव आणि डॉल्बीचे हाय (वरचे सूर) जास्त रेशमी, हे मला डोळे मिटून सांगता येतं. आणि केबल कुठली वापरताय त्यावरही आहे. मी एचडीएमआय केबल बदलल्यावर आवाजाचं स्टेज चक्क दोन फूट रुंद झालं.

आळशी_उंट, रविवार सकाळी ११:३४

दोन फूट?! आमच्याकडे स्क्वेअर फुटाचा भाव बघता ती केबल फुकटच पडली म्हणायची. (हलके घ्या.)

तपकीर_गल्लीचा_पडीक, रविवार दुपारी १२:१५

केबलवरून भांडू नका, गल्लीत मिळणारी साधी ठीकठाक केबल चालते, चित्र तुटत नसेल आणि आवाज गायब होत नसेल तर डेटा पूर्ण पोचतोय, संपला विषय.

धागाकर्त्याला माझा एकच प्रश्न. डिस्क लावल्यावर रिसीव्हरच्या डिस्प्लेवर नक्की काय अक्षरं येतात? डब्यावर काय छापलंय ते नको, डिस्प्लेवर काय येतं ते बघून सांगा. आणि प्लेअरची वायर थेट रिसीव्हरला का टीव्हीतून फिरून?

कोथरूडचा_सबवूफर, रविवार दुपारी ४:२०

(एक ते चार आमच्याकडे आवाज बंद असतो, क्षमस्व.)

वायर थेट रिसीव्हरला. डिस्प्ले आत्ता बघितला. ट्रूएचडीची डिस्क लावली की "डॉल्बी डी" येतंय आणि डीटीएस-एचडीवालीला नुसतं "डीटीएस". मला वाटलं जागा नाही म्हणून छोटं करून दाखवत असेल 😬

तपकीर_गल्लीचा_पडीक, रविवार दुपारी ४:३१

घ्या! म्हणजे आठ महिने तुम्ही लॉसलेस ऐकलेलंच नाहीये. प्लेअरच्या मेनूत ऑडिओमध्ये जा, सेकंडरी ऑडिओ किंवा बीडी ऑडिओ मिक्स अशा नावाचं काहीतरी चालू असेल, ते बंद करा. ते चालू असलं की मेनूचे टिकटिक आवाज आणि दिग्दर्शकाची कॉमेंट्री मूळ आवाजात मिसळायची सोय म्हणून प्लेअर तुम्हाला लॉसी माल पाठवतो. मग आउटपुट बिटस्ट्रीमवर ठेवा, म्हणजे प्लेअर आवाज न उलगडता जसाच्या तसा रिसीव्हरला देईल. निम्म्या लोकांकडे हे फॅक्टरीतूनच चालू येतं आणि कोणी बघत नाही.

कोथरूडचा_सबवूफर, रविवार संध्याकाळी ६:०२

साष्टांग दंडवत. केलं बंद. डिस्प्लेवर "ट्रूएचडी" उगवलं, मी शब्दशः टाळ्या वाजवल्या, मुलगी अभ्यास सोडून बघायला आली.

पण... आता दोन्ही लॉसलेस असूनही डीटीएसच जोरात वाटतंय. काय भानगड आहे?

सुवर्णकर्ण, रविवार संध्याकाळी ६:१०

सांगत होतो ना.

फेडर_वर, रविवार रात्री १०:४५

दिवसभर मिक्सला होतो, आत्ता वाचलं. मी साऊंडमध्येच काम करतो, लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलो, पोट त्याच्यावरच चालतं, म्हणून जरा लांब लिहितो.

डॉल्बीच्या स्ट्रीमसोबत एक आकडा प्रवास करतो, डायलनॉर्म म्हणतात त्याला. सिनेमातले संवाद सरासरी किती पातळीला आहेत ते त्यात लिहिलेलं असतं आणि रिसीव्हर त्यानुसार सगळा आवाज एकसारखा खाली घेतो, म्हणजे एक सिनेमा संपवून दुसरा लावला तर संवाद साधारण त्याच उंचीवर राहावेत. पुष्कळ डिस्कवर हा आकडा उणे २७ असतो, संदर्भ उणे ३१ चा, मधला फरक ४ डेसिबल. म्हणजे तुमचा ट्रूएचडी ट्रॅक सुरुवातीपासून ४ डेसिबल खाली वाजतोय. डीटीएसमध्येही सोय आहे पण ती सहसा उणे ३१ वरच सोडलेली असते, काही कमी होत नाही. आता माणसाच्या कानाचा स्वभाव असा आहे की तोच आवाज किंचित मोठा लावला तर तो "मोठा" न वाटता "चांगला" वाटतो, बेस तर जास्तच भरीव वाटतो कारण कमी आवाजात आपल्याला खालचे सूर कमी ऐकू येतात. दुकानदार दोन स्पीकर ऐकवताना महागड्याचा आवाज एक काटा वर ठेवतात ते उगाच नाही.

दुसरं जास्त वाईट आहे. पुष्कळ रिसीव्हरमध्ये ट्रूएचडीसाठी लेट नाइट "ऑटो" किंवा लाऊडनेस मॅनेजमेंट नावाचं सेटिंग आपोआप चालू असतं. त्याने मोठे आवाज दाबले जातात. डायलनॉर्म फक्त पातळी हलवतो, हे मात्र चढउतारच कमी करतं. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये "सपाट" हा शब्द वापरलात, तो मला नेमका इथे बसतोय. ते ऑफ करा, मग व्हॉल्यूम ४ ने वाढवा, आणि मग ऐका.

आणि अजून एक, दोन वेगवेगळ्या सिनेमांची तुलना करून फॉरमॅट ठरवू नका प्लीज. एका सिनेमात गडगडाट आहे आणि दुसऱ्यात दोन माणसं चहा पीत बोलतायत, तिथे डॉल्बी काय नि डीटीएस काय. आम्ही मिक्सिंगच्या खोलीत जे केलं तेच तुम्ही ऐकता. त्यातही थिएटरचाच मिक्स उचलून टाकलाय का घरासाठी वेगळा नीअरफील्ड (जवळच्या स्पीकरवर ऐकून केलेला) मिक्स केलाय, याने जो फरक पडतो तो फॉरमॅटच्या नावाने कधीच पडत नाही.

पैठणी_प्रेमी_अभियंता, रविवार रात्री ११:०५

वाचनखूण साठवली. असे प्रतिसाद आले की धागा काढल्याचं सार्थक होतं.

सुवर्णकर्ण, रविवार रात्री ११:२०

मान्य की लेव्हलचा मुद्दा आहे. पण लेव्हल सारखी केली तरी मी ओळखेन. पैज.

निवृत्त_दूरसंचार, सोमवार सकाळी ७:१५

पैज लागलीच आहे तर नीट लावू. माझ्याकडे एका मैफलीची ब्लू-रे आहे, तिच्यावर तोच कार्यक्रम ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर अशा दोन्ही ५.१ ट्रॅकमध्ये दिला आहे. असं फार कमी डिस्कवर असतं. रविवारी सकाळी धागाकर्त्याच्या घरी जमू या का? मी वही घेऊन येतो.

कोथरूडचा_सबवूफर, सोमवार सकाळी ९:४०

या की काका! मिसळ माझ्याकडून. सुवर्णकर्ण, तुम्हीही या, खरंच, रागावू नका.

चिंचवडचा_चिकित्सक, मंगळवार दुपारी ३:००

मध्येच विचारतो. माझ्याकडे प्लेअर वगैरे नाही, टीव्हीवरच्या ॲपवर सिनेमे बघतो आणि साऊंडबार आहे. टीव्हीवर ॲटमॉस लिहून येतं. म्हणजे माझंही लॉसलेसच ना?

तपकीर_गल्लीचा_पडीक, मंगळवार दुपारी ३:४०

नाही हो. ॲटमॉस हे घडी घालायच्या पद्धतीचं नाव नाही, कुठला आवाज हवेत कुठे ठेवायचा याची जादा माहिती आहे, आणि ती दोन वाहनांतून येऊ शकते. ब्लू-रेवर ट्रूएचडीतून, म्हणजे लॉसलेस. ॲपवर डॉल्बी डिजिटल प्लसमधून, आणि ते लॉसी. नेटफ्लिक्सचं ॲटमॉस जास्तीत जास्त ७६८ केबीपीएसवर येतं. वर साध्या ५.१ एलपीसीएमचा ६.९ एमबीपीएसचा आकडा आहे, त्याच्या नवव्या हिश्श्याच्या आसपास झालं.

तरी लगेच साऊंडबार विकायला काढू नका. ७६८ ला ते काम खरंच चांगलं करतात, साऊंडबारवर तर फरक शोधत बसाल. फक्त पुढेमागे ब्लू-रे प्लेअर टीव्हीला लावून तिथून बारला आवाज न्यायचा बेत असेल तर टीव्ही आणि बार दोन्हीकडे ई-एआरसी (एचडीएमआय वायरीतून टीव्हीचा आवाज बारला न्यायची नवी सोय) असल्याचं बघून घ्या. साध्या एआरसीतून आणि ऑप्टिकल वायरीतून लॉसलेस सराऊंड जातच नाही, ऑप्टिकलला एकतर दोन चॅनल पीसीएम नाहीतर लॉसी ५.१ एवढंच झेपतं. आणि काही टीव्ही डीटीएस घेतच नाहीत, तेही विचारून घ्या.

चिंचवडचा_चिकित्सक, मंगळवार दुपारी ४:१०

नववा हिस्सा... आणि मी पाहुण्यांना ॲटमॉस ॲटमॉस म्हणून बसवतोय. असो. धन्यवाद.

कोथरूडचा_सबवूफर, पुढच्या रविवारी दुपारी ४:४५

मंडळी, वृत्तांत.

हजर: काका, सुवर्णकर्ण, पडीक, मी. फेडरवाल्यांना काम होतं. मिसळ दोन-दोन प्लेट झाल्यावर सुरुवात. टीव्ही बंद. रिसीव्हरच्या डिस्प्लेवर सकाळच्या पेपराची पुरवणी सेलोटेपने चिकटवली, कारण फॉरमॅट बदलला की तिथे नाव उमटतं. काकांना अजून एक शंका आली ती मला सुचलीच नसती, ट्रॅक बदलताना रिसीव्हर आतून टक्क करतो आणि एका फॉरमॅटला सेकंदभर जास्त वेळ घेतो, त्यावरून ओळखता येईल, म्हणून दर वेळी पडीकने एकदा दुसरीकडे जाऊन परत यायचं आणि मग पाच सेकंद थांबून आवाज चालू करायचा असं ठरलं. कुठला ट्रॅक लावायचा ते काका नाणं उडवून ठरवणार, वहीत लिहिणार, दाखवणार नाहीत. लेट नाइट ऑफ.

पहिली फेरी व्हॉल्यूमला हात न लावता. सुवर्णकर्णांनी दहापैकी दहा बरोबर ओळखले. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. मी पण नऊ ओळखले.

दुसरी फेरी, ट्रूएचडीच्या वेळी पडीकने गुपचूप ४ डेसिबल वाढवायचे. तेच तबल्याचं आवर्तन, तीच खुर्ची. सुवर्णकर्ण सहा, मी चार.

चार! नाण्याने माझ्यापेक्षा बरं सांगितलं असतं.

सुवर्णकर्ण, रविवार संध्याकाळी ५:३०

सहा म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त आहेत हे नोंदवून ठेवतो.

निवृत्त_दूरसंचार, रविवार संध्याकाळी ६:१५

नोंदवलं. त्याबरोबर हेही नोंदवू की नाणं दहा वेळा उडवलं तर सहा किंवा त्याहून जास्त वेळा छापा पडायची शक्यता जवळपास ३८ टक्के असते. नऊ किंवा जास्त आले असते तर ती शक्यता एक टक्का, मग मीच हात जोडले असते. पण हा गृहस्थ दिलदार निघाला, दुसऱ्या फेरीनंतर स्वतःच म्हणाला की "काका, शेवटच्या चार वेळा मी अंदाजच करत होतो." असं कबूल करणारा माणूस इंटरनेटवर पहिल्यांदा बघितला.

फेडर_वर, रविवार रात्री ११:५०

हुकलं राव माझं. बाय द वे, याच आठवड्यात घरी एक उद्योग केला. माझ्याच एका जुन्या ५.१ मिक्सच्या वेव्ह फाइल घेतल्या, एफएफएमपेग नावाच्या सॉफ्टवेअरने ट्रूएचडी केली (त्यातला एन्कोडर अजून प्रायोगिक म्हणूनच आहे पण चालतो), मग उलट उलगडून परत वेव्ह केली आणि दोन्हींचा एमडी५ (फाइलच्या बोटाचा ठसाच म्हणा) काढला. शेवटच्या अक्षरापर्यंत सारखा. डीटीएस-एचडी मास्टर असं घरी बनवता येत नाही, त्याला विकतचा एन्कोडर लागतो, पण उलगडायचं काम एफएफएमपेग २०१६ पासून बिनचूक करतंय.

कोथरूडचा_सबवूफर, सोमवार रात्री १०:२०

आता फॉरमॅटचं भूत उतरलं, पण घरात वेगळंच सुरू झालंय. सासूबाई आल्यात राहायला. त्या म्हणतात, "तुमचं ते ढुम्म ढुम्म ऐकू येतं, पण माणसं काय बोलतात ते कळत नाही." आणि खरंय! लेट नाइट ऑफ केल्यापासून तर जास्तच. आणि एका ठरावीक सुरावर हॉल घुमतो, कपाटातली भांडी वाजतात.

फेडर_वर, सोमवार रात्री ११:००

हा खरा प्रश्न! सेंटर स्पीकर कुठे आहे? टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकललेला असणार, पुढे फोटोफ्रेम. तो पुढच्या कडेला आणा, तोंड किंचित वर करून कानाकडे वळवा, मग सेंटरची लेव्हल दीड-दोन डेसिबल वाढवून बघा. आणि लेट नाइट फक्त परीक्षेपुरतं ऑफ करायचं होतं हो, रात्री फ्लॅटमध्ये बघताना ते चालूच ठेवा, त्यासाठीच बनवलंय ते.

निवृत्त_दूरसंचार, मंगळवार सकाळी ७:३०

घुमण्याचं गणित सोपं आहे. ध्वनीचा वेग ३४३ मीटर प्रतिसेकंद, भागिले खोलीच्या लांबीची दुप्पट, की खोली कुठल्या सुराला घुमते ते कळतं. १५ फुटांना साडेसदतीस हर्ट्झ, १० फुटांना ५६. जुनी इमारत म्हणजे छत साडेनऊ फुटांवर असेल, त्याचे ५९. ५६ आणि ५९ जवळजवळ एकाच जागी आले, एकमेकांच्या खांद्यावर चढले, म्हणून तुमची भांडी तिथेच वाजत असावीत. यात ट्रूएचडी कामाचं नाही आणि डीटीएसही नाही.

सबवूफर स्वतःच्या बसायच्या जागेवर ठेवा, बेसचं काहीतरी लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे बेस सगळ्यात सपाट, स्वच्छ ऐकू येईल तिथे सबवूफरची जागा. सकाळी करा. रात्री दहानंतर निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे, २००० सालच्या नियमांप्रमाणे, आणि तुमचा खालचा शेजारी कोण आहे मला माहीत नाही.

कोथरूडचा_सबवूफर, शनिवार सकाळी १०:५०

सेंटर पुढे आणला, दोन डेसिबल वाढवला, सासूबाईंनी काल अख्खा सिनेमा न विचारता बघितला. मधे एकदाच म्हणाल्या, "हा नवरा काही शोभत नाही तिला."

आज सकाळी सबवूफर सोफ्यावर चढवला आणि गुडघ्यांवर हॉलभर रांगलो. सासूबाई पोथी बाजूला ठेवून बघत होत्या, शेवटी विचारलंच, "काय हरवलंय, मी शोधू का?"

जागा सापडलीये. नेमकी जिथे त्यांचा दिवाण आहे तिथे.

आळशी_उंट, शनिवार सकाळी १०:५२

🍿🍿🍿

तपकीर_गल्लीचा_पडीक, शनिवार सकाळी ११:१५

दिवाणाच्या पायथ्याशी फूटभर जागा निघते का बघ आधी. नाहीतर समोरच्या कोपऱ्यात ठेवून रिसीव्हरच्या माइकने परत कॅलिब्रेट कर, ५६ हर्ट्झचा आवाज थोडा कमी झाला तरी पुष्कळ.

कोथरूडचा_सबवूफर, शनिवार दुपारी १२:४०

विचारलं त्यांना. म्हणाल्या दिवाण खिडकीशी न्या, मला उलट उजेड बरा पडेल वाचायला. सागवानी आहे पण, जुना, उद्या सकाळी दोन माणसं लागतील उचलायला. पडीक आणि सुवर्णकर्ण, नऊला या, आज सांगतोय म्हणजे उद्या कारणं नकोत.

सुवर्णकर्ण, शनिवार दुपारी १२:५५

येतो. मिसळ जरा तिखट ठेवा, मागच्या वेळची मवाळ होती.